मुक्या सोबत्याचे स्मारक : देवळापुढील हौदाचा इतिहास

॥ श्री खंडेराव प्रसन्न ॥

आपल्या गावच्या श्री खंडेराव महाराज मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य देवाच्या कृपेने व आपणा सर्वांच्या सढळ हाताने पूर्णत्वास गेले. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत देवळाच्या आवारातील वास्तूंची माहिती यावी असे मंडळाने ठरविले आणि कागदपत्रांशी नित्य संबंध येतो म्हणून त्यातील काही भाग माझ्याकडे सोपविला. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. दहावी पास होऊन पुढे तालुका कचेरीत कारकून म्हणून लागलो, त्यास आता वीसहून अधिक वर्षे झाली. नोंद शोधावी, उतारा काढावा, शेरा लिहावा एवढेच मला येते. तेव्हा सुज्ञ वाचकांनी हे लिखाण त्याच दृष्टीने पाहावे ही विनंती.

दीपमाळ, नगारखाना व गाभारा यांविषयी इतर जाणकारांनी लिहिले आहे. माझ्या वाट्यास आला आहे तो देवळापुढील गुरांचा हौद, ज्याला जुनी माणसे हाळ म्हणतात. हौदाला कसला आला आहे इतिहास, असे पुष्कळांना वाटेल. परंतु या हौदाच्या कठड्यात एक घोड्याची नाल बसविलेली आहे. ती तेथे का आहे हे गावात आज फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक होते त्यांत मी एक होतो आणि मीच गप्प बसलो होतो. तो भाग पुढे येईलच.

प्रश्न कसा निघाला

जीर्णोद्धाराची वर्गणी गोळा होत असताना आपल्या गावातील एक तरुण शेतकरी एका संध्याकाळी माझ्या घरी आले. त्यांचे नाव त्यांच्याच इच्छेवरून येथे देत नाही. त्यांचा पांढरा घोडा गेल्या वर्षी वारला हे सर्वांना माहीत आहे. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेला तो घोडा लग्नसराईत पंचक्रोशीतील नवरदेवांना घेऊन वेशीतून देवळापर्यंत यायचा. त्या घोड्यावर बसून देवदर्शनाला आलेले कितीतरी नवरदेव आज दोन-दोन मुलांचे बाप आहेत.

ते म्हणाले, "भाऊसाहेब, घोड्याच्या नावाने देवाला काहीतरी द्यायचे आहे. संगमरवरी घोडा करून दारापाशी बसवावा म्हणतो, खाली त्याचे नाव घालू. पण आई म्हणते, आधी कोणा जाणत्याला विचार. तुम्ही कागदपत्रे पाहता, पूर्वी लोक अशा वेळी काय करीत ते सांगा."

मी म्हटले, चार दिवस द्या. त्या चार दिवसांत जे वाचले, ज्येष्ठांना विचारले आणि मनाशी जुळविले, तेच येथे मांडतो.

खानदेश आणि घोडा

आपल्या खानदेशात घोड्याचे नाते जुने आहे. तापीकाठी सारंगखेडे येथे एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेस, म्हणजे दत्तजयंतीस भरते. हे गाव शहादा तालुक्यात असून पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. दिनांक १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. या यात्रेतील घोडेबाजार सर्वदूर प्रसिद्ध आहे. मारवाड, काठेवाड, पंजाब, उत्तर प्रदेश अशा लांबच्या मुलखांतून घोडे येतात. घेणारा नुसता रंग पाहत नाही. चारी पाय व कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी, कुमैत, मुश्की, अबलख, नुकरा ही नावे आपल्याकडील शेतकऱ्याच्याही तोंडी असतात. मानेवरचा देवमण पाहतात, अंगावरील भोवरे तपासतात, दात पाहून वय ठरवितात आणि मग रुमालाखाली बोटे धरून सौदा करतात.

याच खानदेशात तळोदे येथे मल्हारराव होळकर यांचे बालपण गेले. त्यांचा जन्म १६९३ चा, नीरेकाठच्या होळ गावचा. वडील लवकर वारल्याने आई त्यांना घेऊन तळोद्यास आपल्या भावाकडे, भोजराज बारगळ यांच्याकडे आली. भोजराज हे सरदार कदम बांडे यांच्या चाकरीत घोडेस्वारांचे पथक बाळगून होते. मेंढरांमागे फिरणारा मुलगा मामाच्या पथकात घोड्यावर बसला आणि पुढे माळव्याचा सुभेदार झाला. होळकरांचे कुलदैवत खंडेराव, आणि खंडेरावाचे वाहन घोडा. तेव्हा आपल्या देवळाशी घोड्याचा संबंध काही नवा नाही.

मराठ्यांच्या फौजेत मोठे अरबी घोडे थोडे आणि भीमथडीची तट्टे पुष्कळ होती. भीमेकाठची ही तट्टे अंगाने लहान, पण काटक. थोड्या चंदीवर व मिळेल त्या चाऱ्यावर मजल मारणारी. मोठ्या लढायांच्या बखरीत सरदारांची नावे येतात; ज्यांच्या पाठीवर बसून ते गेले, त्या तट्टांची नावे क्वचितच कोणी लिहिली.

आजही आपल्या शिवारात घोडा नाहीसा झालेला नाही. साक्री व आसपासच्या भागातील ठेलारी बांधव मेंढ्यांचे कळप घेऊन दरसाल फिरतीवर निघतात. त्यांचा सारा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो: अंथरूण-पांघरूण, भांडी, पाण्याचे हंडे, कोंबड्या आणि वरती बसविलेले लहान मूल. आपल्या शेतात त्यांच्या मेंढ्या बसल्या की खत होते, म्हणून आपण त्यांची वाट पाहतो. त्यांच्या घोड्यांकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

गेलेल्या घोड्यासाठी लोकांनी काय केले

आता मूळ प्रश्नाकडे वळतो.

देवाला घोडा वाहण्याची चाल आपल्याकडे आहेच. जेजुरीस व इतर ठिकाणी खंडोबाला नवसाचे घोडे वाहतात. मल्हारीच्या कथेत तर असे सांगतात की मणी दैत्याने मरतेवेळी शरण येऊन आपला पांढरा घोडाच देवाला अर्पण केला. सातपुड्यापलीकडे गुजरातच्या सीमेवरील आदिवासी बांधव देवस्थानी मातीचे घोडे ठेवतात. काही ठिकाणी त्यांची रांगच्या रांग दिसते. आपल्या गावोगावच्या वीरगळांवरही घोड्यावर बसलेला वीर कोरलेला असतो. म्हणजे आमच्या तरुण मित्राच्या मनात जो संगमरवरी घोडा आला, तो परंपरेला सोडून नव्हता. हे मी त्यांना पहिल्यांदा सांगितले.

घोड्याच्या स्वतंत्र स्मारकाचे आपल्या देशातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे महाराणा प्रतापांचा चेतक. दिनांक १८ जून १५७६ रोजी हळदीघाटची लढाई झाली. जखमी चेतकाने धन्याला रणातून बाहेर नेले आणि मग प्राण सोडला, अशी कथा लोकांनी पिढ्यानपिढ्या जतन केली. हळदीघाटाजवळ बलीचा येथे त्याची समाधी आहे. अलीकडच्या काळात सारंगखेड्याच्या यात्रेस जोडून भरविलेल्या महोत्सवालाही चेतकाचेच नाव देण्यात आले. कुत्र्याचेही एक उदाहरण आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवितात.

त्याहून जुनी गोष्ट सिकंदराची. त्याचा आवडता घोडा बुकेफॅलस इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये झेलम नदीकाठी, पोरस राजाशी झालेल्या युद्धाच्या सुमारास मेला. सिकंदराने त्याच्या नावाने तेथे एक शहरच वसविले. घोड्याच्या नावे शहर, याहून मोठी देणगी कोणती? परंतु आज ते शहर नेमके कोठे होते हेही खात्रीने सांगता येत नाही. नाव पोथ्यांत उरले, शहर उरले नाही.

आणखी एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील आहे. १८९९ ते १९०२ या काळात तेथे इंग्रज आणि बोअर लोकांचे युद्ध झाले. त्यात इंग्रजांच्या बाजूचे तीन लाखांहून अधिक घोडे मेले. गोळीने थोडे, उपासमारीने, रोगाने व अतिश्रमाने पुष्कळ. बोटींतून आणलेल्या घोड्यांना विश्रांती न देता लगेच कामास जुंपीत. ज्या बंदरात हे घोडे मोठ्या संख्येने उतरविले गेले, त्या तेव्हाच्या पोर्ट एलिझाबेथ शहरातील स्त्रियांनी पुढाकार घेऊन वर्गणी जमविली आणि १९०५ साली घोड्यांचे स्मारक उभे केले. त्यात घोडा उधळलेला नाही, त्याच्यावर सेनापती बसलेला नाही. एक शिपाई गुडघ्यावर बसून घोड्यापुढे पाण्याची बादली धरतो आहे, एवढेच दृश्य. आणि खाली जनावरांना पाणी पिण्यासाठी खरीखुरी कुंडी. हे वाचताना माझ्या मनात काहीतरी हलले. त्याचे कारण मी पुढे सांगतो.

ऑस्ट्रेलियात जॉर्ज बिल्स नावाचे एक सुखवस्तू गृहस्थ होते. त्यांना व त्यांच्या पत्नीस, ॲनिस यांना, मुक्या प्राण्यांचा फार कळवळा. पत्नी १९१० मध्ये गेली, ते स्वतः १९२७ मध्ये गेले. मृत्युपत्रात त्यांनी पैसा ठेवला तो घोड्यांसाठी रस्तोरस्ती पाण्याच्या कुंड्या बांधण्यास. पुढील काही वर्षांत अशा सुमारे ७०० कुंड्या त्या देशात बसविल्या गेल्या. तोवर मोटारी आल्या होत्या, घोडे कमी होत चालले होते. तरी कुंड्या बसल्या आणि त्यांतील पुष्कळ अजून उभ्या आहेत. लंडन शहरात तर १८५९ पासून एक संस्थाच माणसांसाठी पाणपोया बांधीत होती; १८६७ पासून तिने आपल्या नावातच गुरांच्या कुंड्यांचाही समावेश केला. आपल्या मुंबईतही जुन्या काळी दानशूर मंडळींनी आप्तांच्या स्मरणार्थ पाणपोया बांधल्या. त्यांतील कित्येकांना वर माणसांसाठी तोटी आणि खाली बैल-घोड्यांसाठी कुंडी अशी रचना होती.

खानदेशाने घालून दिलेला धडा

लांबच्या गोष्टी झाल्या. आता जवळची पाहू. ती घोड्याची नाही, पण स्मारक कसे निवडावे हे तिच्यावरून कळते.

चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या परिसरात पाटण हे जुने नगर होते. तेथील शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात विद्वानांपुढे आणला. त्यात असे आहे की थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापन केला. निकुंभ राजांनी त्याला दान दिले. लेखाच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत असून पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातून आणि तेलाच्या घाण्यांतून मठाला काय द्यावे हे त्यांत लिहिले आहे. नातवाने आजोबांचा पुतळा केला नाही. आजोबा ज्यासाठी जगले ते चालू राहील अशी सोय केली, आणि तिला बाजारपेठेतून दररोजचे उत्पन्नही लावून दिले.

धुळ्याचेही उदाहरण घ्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. जन्मभर गावोगाव फिरून, दफ्तरे धुंडाळून त्यांनी कागद गोळा केले. धुळेकरांनी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले ते हे कागद सांभाळण्यासाठी व संशोधनाचे काम पुढे चालविण्यासाठी. गणितज्ञाच्या स्मरणार्थ गणिताचा मठ आणि कागद जमविणाऱ्याच्या स्मरणार्थ कागदांचे घर.

आणि होळकरांच्याच घराण्यातील पुण्यश्लोक अहिल्यादेवी. त्यांनी बांधलेले घाट व देवळे सर्वांना माहीत आहेत. पण माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली छापलेल्या ग्रंथात एक लहानशी गोष्ट नोंदविली आहे. उन्हाळ्यात अहिल्यादेवींची माणसे वाटसरूंना पाणी पाजण्यासाठी रस्त्यांवर असत. इतकेच नव्हे, तर महेश्वराजवळच्या शेतांत चालता नांगर थांबवून बैलांनाही पाणी पाजीत. राणीच्या राज्यकारभारात नांगराच्या बैलाच्या तहानेची आठवण ठेवलेली होती.

या सर्वांवरून माझ्या अल्पमतीप्रमाणे मी एकच गोष्ट काढली. स्मारक निवडताना गेलेला जीव कसा दिसत होता हे विचारण्यापेक्षा तो कशावर जगत होता हे विचारावे, आणि ते त्याच्या नावाने दुसऱ्याला मिळेल असे करावे.

हे मला पुस्तकातून कळण्याची खरे तर गरज नव्हती. ते आमच्या घरातच घडले होते.

चंद्रीची गोष्ट

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, टांगा चालवीत. तापी खोऱ्यातून जाणाऱ्या सुरत-भुसावळ लोहमार्गावरील आपल्या जवळच्या स्टेशनापासून गावापर्यंत दोन कोसांचा कच्चा रस्ता होता. एस. टी. दिवसातून दोनदा यायची. मधल्या वेळी माहेरवाशिणी, आजारी माणसे, गुळाच्या ढेपी, सिमेंटची पोती, सर्व काही आबांच्या टांग्यातून यायचे. गावातील आज चाळिशी ओलांडलेल्या कित्येकांचे जावळ काढायला नेणे, शाळेत घालायला नेणे याच टांग्यातून झाले.

टांग्याला घोडी होती, तिचे नाव चंद्री. रंगाने कुमैत, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चंद्री. आबा पहाटे उठून तिला खरारा करीत, तोबऱ्यात चंदी भरीत, आणि मग स्वतः चहा घेत. हा क्रम कधी चुकला नाही. मी तिच्या पायांखालून आरपार निघायचो, पण तिने कधी पाय उचलला नाही.

मी चौथीत असताना वैशाखात मोठी लग्नतिथ आली. एका दिवसात स्टेशनाच्या पाच खेपा झाल्या. दोन कोसांच्या त्या वाटेवर कोठेही जनावराला पाणी नव्हते. वाटेतल्या विहिरी आटलेल्या, आणि वेशीत पोचल्यावर वऱ्हाडी उतरवून लगेच परत फिरायचे. घोड्याला एरवीच दिवसाकाठी तीस-चाळीस लिटर पाणी लागते, उन्हात कामावर त्याहून जास्त. पाणी कमी पडले की आतड्यात चारा सुकून बसतो आणि पोटशूळ उठतो. हे मला आज माहीत आहे. आबांना तेव्हाही माहीत होते. पण पाचव्या खेपेला नाही म्हणणे त्यांना जमले नाही, कारण उतारूंमध्ये नवरीच होती.

रात्री चंद्री लोळू लागली. आबा तिला उठवून अंगणात फिरवीत होते. आजी कंदील धरून मागे मागे. कोणी हिंग सांगितले, कोणी तेल पाजा म्हणाले. पहाटे ती बसली ती उठली नाही. ओढ्याकाठी खड्डा काढून, मीठ टाकून तिला पुरले. पुरण्यापूर्वी आबांनी तिच्या उजव्या पुढच्या पायाची नाल काढून घेतली.

तेराव्या दिवसाच्या सुमारास आबांनी टांगा विकला. नवी घोडी घ्या म्हणून दोघा-तिघांनी उसने पैसे देऊ केले, ते घेतले नाहीत. टांग्याचे पैसे घेऊन ते पंचांकडे गेले आणि देवळापुढे हौद बांधण्याची परवानगी मागितली. पंचांपैकी एकाने विचारले, त्यापेक्षा देवाला पितळी घोडा का वाहत नाहीस? तेव्हा आबा आपल्या अहिराणीत म्हणाले ते मला जसेच्या तसे आठवते:

"तिनी माले जलमभर पोसं. आते तिना नावनं पानी दुसरास्नी पेवाले जोयजे."

तिने मला जन्मभर पोसले, आता तिच्या नावाचे पाणी दुसऱ्यांना प्यायला मिळाले पाहिजे.

गवंडी लावून आठ दिवसांत हौद झाला. सिमेंट ओले असताना आबांनी कठड्यात ती नाल दाबून बसविली. नाव घातले नाही, तारीख घातली नाही. त्यानंतर हातपाय चालत होते तोवर रोज सकाळी देवळाच्या विहिरीवरून रहाटाने पाणी ओढून ते हौद भरीत. पुढे नळयोजना आली, तोटी बसली, आणि आबाही गेले.

यादीतील एक ओळ

आता माझ्या गप्प बसण्याविषयी.

जीर्णोद्धाराचा नकाशा तयार झाला, तेव्हा सभामंडप पुढे वाढविण्यासाठी कोणती जुनी बांधकामे काढावी लागतील याची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. त्या यादीत सातव्या क्रमांकावर माझ्याच अक्षरात पुढील नोंद आहे: "जुना सिमेंटचा हौद. निरुपयोगी. काढणे."

मला त्याचा इतिहास माहीत असताना मी असे का लिहिले? पहिले कारण मी स्वतःला सांगत होतो ते असे, की आपल्याच घराण्याची वस्तू राखण्यासाठी आपण लेखणी वापरली असे कोणी म्हणू नये. हे कारण ऐकायला बरे आहे. खरे कारण दुसरे होते. कचेरीत नोकरी लागली, लोक भाऊसाहेब म्हणू लागले, तेव्हापासून टांगेवाल्याचा नातू ही ओळख मला नकोशी झाली होती. हौद गेला की ती खूणही जाईल, असे मनाच्या कोपऱ्यात कोठेतरी होते. देवाच्या कामाची स्मरणिका आहे, म्हणून खरे तेच लिहितो.

खोदकाम सुरू झाले, नळाची जोडणी तुटली आणि हौद कोरडा पडला. त्याच आठवड्यात एक ठेलारी कुटुंब मेंढ्या घेऊन गावाबाहेर उतरले. दुपारी त्यांची एक घोडी पाठीवरच्या हंड्यांसकट सरळ देवळापुढे आली आणि कोरड्या हौदात तोंड घालून उभी राहिली. बरोबरच्या म्हाताऱ्या बाईने मला विचारले, "दादा, इथलं पाणी कुठे गेलं? आम्ही दरसाल इथंच पाजतो." मी काय उत्तर देणार? शेजारच्या घरून दोन बादल्या आणून ठेवल्या. घोडीने त्या एका दमात संपविल्या.

त्याच संध्याकाळी, अगदी योगायोगाने, आमचे तरुण मित्र घोड्याचा प्रश्न घेऊन आले होते. म्हणूनच आफ्रिकेतील तो बादली धरलेला शिपाई वाचताना मला वाचवेना.

निर्णय

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. वाचलेले सर्व सांगितले: चेतक सांगितला, सिकंदराचे शहर सांगितले, पाटणचा मठ सांगितला. हौदाचे मात्र सांगितले नाही, कारण मी काही सुचविले तर ते स्वतःच्या घरासाठी सुचविल्यासारखे होईल अशी भीती अजून होती. त्यांच्या आई चुलीपाशी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं कशाला? आपला घोडा वरात घेऊन आला की आधी कुठे थांबायचा? देवळापुढच्या हौदावर. नवरदेव वर बसलेला, वाजंत्री खोळंबलेली, पण पाणी प्यायल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचा नाही. त्याचं जे काही करायचं ते तिथंच करा."

तेव्हा मला बोलावेच लागले. नालेची गोष्ट सांगितली, यादीतील सातव्या ओळीचीही सांगितली. ते मायलेक काही बोलले नाहीत. माउलींनी चहा पुढे केला.

पुढच्या बैठकीत मी मंडळापुढे उभा राहून यादीतील नोंद चुकीची असल्याचे सांगितले व ती रद्द करण्याची विनंती केली. काही सभासदांचा आक्षेप होता, आणि तो रास्तही होता: सभामंडपाच्या पायऱ्यांशी गुरांची वर्दळ झाली तर शेण-चिखल होईल, बायाबापड्यांना अडचण होईल. चर्चेअंती असे ठरले की हौद मूळ जागेवरून काढून वेशीच्या बाजूस, कडुनिंबाखाली, पंधरा पावलांवर नव्याने बांधावा, भोवती फरशी घालावी आणि सांडपाण्याला उतार देऊन ते फुलझाडांकडे न्यावे. त्याचा संपूर्ण खर्च आमच्या तरुण मित्रांनी उचलला. संगमरवरी घोड्यासाठी जी रक्कम काढून ठेवली होती तीतून हौद झाला आणि उरलेल्या रकमेतून पाण्याची टाकी व नळजोडणी झाली. तपशील हिशेबाच्या पानावर आहे.

जुना हौद फोडताना गवंड्याने नाल अखंड काढून दिली. गंजलेली होती, पण तुटलेली नव्हती. नव्या कठड्यात ती बसविली आणि तिच्या शेजारी पांढऱ्या घोड्याची नाल बसविली. नाव दोघांचेही घातले नाही. पाटी लावावी का, असे विचारता आमचे मित्र म्हणाले, "ज्यांना प्यायचे आहे त्यांना वाचता येत नाही."

हौद चालू ठेवण्याविषयी

बांधणे सोपे असते, चालू ठेवणे अवघड. पाटणच्या दात्यांनी मठाला घाण्याचे तेल लावून दिले ते याचसाठी. तेव्हा गावकऱ्यांस व देणगीदारांस काही सूचना करतो.

हौद दर अमावास्येस रिकामा करून घासावा, नाहीतर शेवाळ धरते आणि जनावर तोंड लावत नाही. साबण किंवा कपड्यांचे पाणी त्यात जाऊ देऊ नये. फाल्गुन ते ज्येष्ठ या चार महिन्यांत सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी भरावे. शेळ्या व वासरांचे तोंड पोचावे म्हणून एका बाजूचा कठडा मुद्दाम उतरता ठेवला आहे, त्यावर कोणी वाहन टेकवू नये. पाणी भरण्याची पाळी यंदा देवळाशेजारील सात घरांनी वाटून घेतली आहे. त्यांत रविवार माझ्याकडे आहे.

आणि आपल्यापैकी कोणाचे जनावर गेले, मग तो घोडा असो, बैल असो की दारातली म्हैस असो, आणि त्याच्या नावाने काही करावेसे वाटले, तर मोठी रक्कम असलीच पाहिजे असे नाही. एका महिन्याचे पाणी, एका उन्हाळ्याची वैरण, आजारी जनावरासाठी डॉक्टरांना आणण्याचे गाडीभाडे, यांतील काहीही चालेल. मंडळाच्या वहीत त्यासाठी एक पान वेगळे ठेवले आहे. पहिल्या ओळीवर चंद्रीचे नाव मी स्वतः लिहिले आहे. कचेरीतल्या वीस वर्षांत मी हजारो नोंदी केल्या, पण आबांच्या घरची म्हणून केलेली ही पहिलीच.

यंदाच्या चंपाषष्ठीस पालखी नव्या मंडपातून निघाली, तेव्हा एक वासरू हौदावर पाणी पीत होते. भोईंनी पालखी क्षणभर थांबविली आणि ते पिऊन बाजूला झाल्यावर पुढे नेली. कोणी कोणाला सांगितले नव्हते.

लेखनात काही चुकले असल्यास ते माझे समजून क्षमा करावी. चूकभूल द्यावी घ्यावी.

येळकोट येळकोट जय मल्हार!